नव्या पाळकबंधूंस

मंडळीची जबाबदारी आपण नुकतीच स्वीकारली आहे, म्हणून सांगतो की पहिले सहा महिने कोणतीही नवी सेवायोजना जाहीर करू नये. घरोघरी जावे आणि प्रार्थना करण्यापूर्वी समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे. मी उलट क्रमाने वागत असे, आणि एका विधवा भगिनीने ते मला स्पष्ट शब्दांत सुनावले होते.

येशूने सांगितलेल्या बोधकथेतील चांगल्या शोमरोन्याने (शोमरोन प्रांतातल्या माणसाने) वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा तर बांधल्याच, शिवाय उतारशाळेच्या मालकाला खर्चाचे पैसे दिले आणि अधिक लागल्यास परतताना फेडण्याचे वचन दिले. हा पुढचा भाग प्रवचनांतून (माझ्याही) सहसा निसटतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना आसरा दिला, तेव्हा त्या अन्नवस्त्रावर थांबल्या नाहीत. लिहिणेवाचणे, विणकाम, छपाई अशी पायावर उभे करणारी कामेही त्यांनी शिकवली. आपल्या मंडळीत कोणाला धान्याऐवजी शिलाईयंत्र किंवा शाळेची फी हवी आहे, ते आधी पाहावे.

मदतनिधीची वही एकट्याकडे ठेवू नये, खजिनदाराची सही घ्यावी. धान्य देताना छायाचित्र काढू नये, आणि घेणारा मंडळीचा सभासद आहे का, हेही विचारू नये.