वाचकांचे प्रश्न : विटी, कोपर आणि कंपासमधला दात

प्रश्न : नमस्कार मॅडम, सुट्टीत माहेरी गेलो होतो. मुलगा ९ वर्षांचा. बाबांनी त्याला बाभळीच्या लाकडाचा विटी-दांडू करून दिला, दोन दिवस पोरगं मोबाईलकडे फिरकलं पण नाही, आणि तिसऱ्या दिवशी याने टोलवलेली विटी बसली मामेभावाच्या भुवईवर. रक्ताने शर्ट भिजला, तीन टाके पडले. मी रागाने विटी-दांडू चुलीत घातला. तेव्हापासून बाबा माझ्याशी धड बोलत नाहीयेत. म्हणतात आमची डोकी फुटायची तरी हळद दाबून परत राज्य घ्यायला जायचो. माझं चुकलं का?
– एक आई, पिंपरी

उत्तर : चुलीत घातला हे वाचून आधी हसू आलं, सॉरी ताई. बाबांचं अर्धं बरोबर आहे. डोकी फुटायची, हळद दाबायचे, आमच्याकडे तर दगडीपाला तळहातावर चोळून त्याचा हिरवा रस जखमेत पिळायचे आणि वर घरी जाऊन पुन्हा धपाटा खायचा तो वेगळाच. पण ही आठवण सांगतात ते ज्यांचं निभावलं ते. आमच्या आळीत एकाचा डोळा विटीनेच गेला, तो काही "काय मजा यायची" म्हणत बसत नाही.

विटी वीतभर पण नसते, दोन्ही टोकं तासलेली असतात आणि ती हवेत गरगरत येते त्यामुळे कुठल्या बाजूने लागेल काही सांगता येत नाही, त्यात झेल घेणारा भिडू मान वर करून, डोळे फाडून तिच्याकडेच बघत असतो. म्हणून लागते ती कपाळाला, भुवईला, दाताला नाहीतर डोळ्याला. तुमच्या भाच्याला भुवईच्या हाडाने वाचवलं, बोटभर खाली लागली असती तर गोष्ट वेगळी होती. (टाके घालताना भुवई भादरली नाही ना? भादरत नाहीत, परत नीट उगवेलच असं नसतं.)

डोळ्यालाच लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, गुलाबपाणी, मध, तूप काही घालायचं नाही. कागदी कप अर्धा कापून डोळ्यावर नुसता झाकण म्हणून धरायचा, कडा हाडावर टेकल्या पाहिजेत, डोळ्यावर नाही, आणि पोराला बसतं ठेवून डोळ्याच्या डॉक्टरकडे. बुबुळाच्या खालच्या बाजूला रक्ताची रेघ दिसली किंवा धुरकट दिसतंय म्हणाला तर रात्रभर वाट बघू नका. वरवर काहीच दिसत नसलं तरी एकदा दाखवाच.

खेळ बंद करू नका पण. टोकं सँडपेपरने बोथट करा, टोलवणाऱ्याच्या समोर पंधरा-वीस पावलांच्या आत कोणी उभं राहायचं नाही, लिंबूटिंबूंना मागे. आमच्यात वकट, लेंड, मूंड, नाल करत जाता जाता एक डाव चक्क डोळ्यावर विटी ठेवून मारायचा असायचा, तो तेवढा बाबांना वगळायला सांगा.

मला काळजी वेगळीच वाटली. विटी लागल्यावर पोरं पळत तुमच्याकडेच आली ना? आता ती चुलीत गेलेली त्यांनी बघितली आहे. पुढच्या वेळी येतील का? मी हे का विचारतेय ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : नात ६ वर्षांची, सोसायटीतल्या घसरगुंडीवरून पडली. कोपर सुजलंय. सून एक्सरे काढू म्हणते, मी म्हणते मुका मार आहे, आमच्या ओळखीचे हाडवैद्य तेल लावून पट्टी बांधतात, त्यांना दाखवू.
– एक आजी, मिरज

उत्तर : आजी, सुनेचं ऐका. आणि पत्राच्या उत्तराची वाट बघत बसला नसाल अशी आशा आहे.

पडताना मूल हात पुढे टेकवतं आणि सगळा भार कोपराच्या वरच्या हाडावर येतो, तिथे ते पातळ असतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये हे फ्रॅक्चर नेहमीचं. त्याला लागूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. आतून सूज वाढतेय आणि वरून घट्ट पट्टी, म्हणजे रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात, मग बोटं वाकडी होतात ती कायमची. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये हे लिहून ठेवलंय. बोटं पांढरी-निळी पडली, गार लागली, मुंग्या आल्या किंवा तिची बोटं तुम्ही सरळ करताना ती किंचाळली तर त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठा. हात आहे तसाच ठेवायचा, ओढून सरळ करायचा नाही, खाली मासिकाची घडी देऊन ओढणीने गळ्यात अडकवायचा. वाटेत वडापाव, ज्यूस काही देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं.

आता माझं सांगते. आठ वर्षांची असताना सूरपारंब्या खेळताना वडावरून पडले, डावा कोपर. झाडावर चढायला बंदी होती, आई झोडपणार हे नक्की, म्हणून मी तीन दिवस कोणाला कळू दिलं नाही. हात दिसू नये म्हणून स्वेटर घातला. ऐन मे महिन्यात, सोलापुरात. पहिल्या दिवशी सगळे हसले, दुसऱ्या दिवशी आजीला वाटलं पोरीला थंडी-ताप आहे, तिसऱ्या दिवशी ताटावर बसले तर डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलेना तेव्हा पकडले गेले. हाड तोवर वाकडंच धरायला लागलं होतं. अजून हात सरळ केला की कोपर बाहेरच्या बाजूला वळतो, कासार बांगड्या भरताना दर वेळी विचारतो, ताई हे काय झालं?

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाला आबाधुबीत चेंडू लागून पुढचा दात पडला. ओरडू म्हणून त्याने तो कंपासमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. दात परत बसेल का?
– एक बाबा, नागपूर

उत्तर : पुढचा आणि आठव्या वर्षी म्हणजे बहुतेक पक्का दात. कोरडा राहिला की मुळावरच्या पेशी तासाभरात मरतात, त्यामुळे आता तो टिकणं अवघड. तरी दात घेऊन डेंटिस्टकडे जा, पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू दे, शिवाय शेजारचे दात हलतायत का तेही बघतील. पुन्हा कधी असं झालं तर दात पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात नको, घासून धुवायचा नाही. माती लागली असेल तर पाण्याखाली पाच-दहा सेकंद धरा, जमलं तर लगेच जागेवर बसवून रुमाल चावायला द्या, नाही जमलं तर दुधात टाका आणि अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही. आणि दूध साधं, गार. साखर घातलेलं नको.