हेब्रोन आणि हिब्रू

विचारणा अशी: वेस्ट बँकेतलं हेब्रोन हे हिब्रू लोकांचं, म्हणजे प्राचीन यहुद्यांचं, मूळ गाव, म्हणून त्याला हे नाव पडलं का?

नाही. देवनागरीत हे शब्द सख्खे भाऊ दिसतात, पण मूळ लिपीत पहिल्या अक्षरालाच नातं तुटतं. हेब्रोनची सुरुवात ‘खेत’ने होते, घसा खरवडून काढलेल्या ह-ने. हिब्रूचं मूळ रूप ‘इव्री’. तिथे ‘आयिन’ आहे, आपल्याकडे नसलेला कंठ्य ध्वनी. ह चिकटवला ग्रीकांनी, ‘हेब्राइओस’ म्हणून. तो लॅटिन, मग इंग्रजी असा आपल्यापर्यंत आला. मराठी बायबलात मात्र ‘इब्री’च आहे, आणि मला तोच शब्द बरा वाटतो.

हेब्रोन या नावामागचा धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, जोडण्याचा, सोबतीचा. ‘खावेर’ म्हणजे मित्र. या गावाचं अरबी नाव अल-खलील, म्हणजेही मित्रच! तो यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यावरून, देवाचा मित्र म्हणून.

‘इव्री’ बहुधा ओलांडणे या अर्थाच्या धातूचा. ‘एवेर’ म्हणजे पैलतीर. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकात पूर्वज ‘नदीपलीकडे’ राहत होते असं म्हटलंय. ती नदी फरात, म्हणजे युफ्रेटिस. बायबलातल्या ‘अब्राम इब्री’चं (अब्राम म्हणजे अब्राहामच) जुनं ग्रीक भाषांतरही ‘पलीकडचा’ असंच आहे. एबेर नावाच्या पूर्वजावरूनही व्युत्पत्ती देतात. अमार्ना पत्रांतल्या, म्हणजे इजिप्तच्या दरबाराच्या मातीच्या पाट्यांवरल्या पत्रव्यवहारातल्या, ‘हाबिरूं’शी जोडणारेही आहेत, पण ते भटक्या, बंडखोर लोकांच्या वर्गाचं नाव, मला ते ओढूनताणून वाटतं.

मग हे लोक राहत कुठे? बायबलच्या कथेत उर, हारान, मग कनानातली (आजचा इस्राएल-पॅलेस्टाइनचा प्रदेश) शखेम, बेथेल, हेब्रोन, बैर-शेबा. हेब्रोनला अब्राहामने पत्नीच्या दफनासाठी मकपेलाची गुहा ४०० शेकेल चांदीला घेतली. दावीदानेही यरुशलेमेआधी साडेसात वर्षं तिथूनच राज्य केलं. उत्खननात इ.स.पू. १२०० ते १००० च्या सुमारास मधल्या डोंगरपट्ट्यात शेकडो लहान वाड्या दिसतात. तिथली भांडी कनानी वळणाची, म्हणून यातले बरेचसे मुळात तिथलेच, असं अनेक अभ्यासक मानतात. नाव ‘पलीकडचे’ आणि माणसं अलीकडची!

इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात ‘इस्राएल’ येतं, ‘इब्री’ नाही. त्या नावापुढची खूणही प्रदेशाची नव्हे, लोकांची आहे. बायबलातही ‘इब्री’ येतो तो बहुतेकदा परक्यांच्या तोंडी किंवा परक्यांशी बोलताना. इजिप्तच्या तुरुंगात योसेफ आपल्याला ‘इब्र्यांच्या देशातून’ चोरून आणलं असं सांगतो, योनाही परदेशी खलाशांना ‘मी इब्री’ सांगतो. घरात मात्र ‘बेने इस्राएल’, इस्राएलची मुलं.

आपल्या कोकणातल्या यहुद्यांनीही हेच नाव जपलं. शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे, आणि आडनावं किहीमकर, पेणकर.