रतामाच्या झुडपाखाली

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

काल सकाळी आपण फोनवर बोललो, पण माझं समाधान झालं नाही. त्या इवल्याशा अक्षरांत टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. तुझा पावणेतीनचा मेसेज मी पुन्हा वाचला. पूर्वपरीक्षा तिसऱ्यांदा हुकली, हे खरं. 'मी कशाच्याच लायकीचा नाही, घरच्यांवर ओझं झालोय, देवानंही मला टाकलंय' हे त्या निकालावर कुठं छापलं होतं, तेवढं मला दाखव.

मरणाचे विचार येतात का, असं मी सरळ विचारलं त्याचा राग मानू नकोस. ते विचारायला लाजायचं नाही, हे मी उशिरा शिकले. आज 'नाही' म्हणालास, पण उद्या तसं वाटलं तर कितीही वाजलेले असोत, मला उठव. मी नाही उचलला तर १४४१६ लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे ती, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि अशा रात्री खोलीत एकटा बसू नकोस, शेजारच्या पोराला उठव.

चर्चच्या शब्बाथ शाळेत तू बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची कर्मेल डोंगरावरची गोष्ट किती ठसक्यात सांगायचास. आकाशातून अग्नी उतरला की तुम्ही पोरं टाळ्या पिटायचात आणि गोष्ट तिथंच संपायची. चूक माझी. पुढचा अध्याय मी तुम्हाला कधी शिकवलाच नाही.

बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढ. बआल या परक्या देवाच्या ४५० संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला एलीया ईजबेल राणीचा जिवे मारण्याचा एक निरोप येताच पळत सुटतो. चाकराला बैर-शेब्याला ठेवतो, रानात दिवसभराची वाट चालतो, रतामाच्या, म्हणजे रानातल्या एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. यावर देवानं त्याला प्रवचन दिलं असेल असं वाटतं ना? त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं हात लावून उठवलं, "ऊठ, खा." उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाऊन तो पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला. खा, म्हणाला, वाट लांबची आहे. आणि तू दोन दिवस मेसचा डबा न उघडता परत केलास, हे मला काल कळलं.

चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचतो. देव विचारतो, एलीया, तू इथं काय करतोस? तो सांगतो की सगळे फिरले, संदेष्टे मारले गेले, एवढा मीच उरलोय. मग वारा, भूकंप, अग्नी, शेवटी देवाची ती मंद वाणी. एवढं सगळं पाहून झाल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलीया तेच उत्तर देतो, पाठ केल्यासारखं, शब्दाला शब्द. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी होता तिथंच असतो, तसं. ओळखीचं वाटतंय का?

गंमत म्हणजे ते उत्तर खरं नव्हतंच. आधीच्याच अध्यायात राजाचा कारभारी ओबद्या यानं त्याला तोंडावर सांगितलं होतं की मी परमेश्वराच्या शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं आणि अन्नपाणी पुरवलं. एलीयानं ते कानांनी ऐकलं होतं, पण असा विचार डोक्यात शिरला की उलटा पुरावा शेजारी उभा असला तरी दिसत नाही. देव त्याला कामं देतो, अलीशासारखा सोबती देतो आणि शेवटी एक आकडा सांगतो. बआलापुढे गुडघे न टेकलेले इस्राएलात सात हजार आहेत. तू म्हणतोस एक, आहेत सात हजार.

म्हणून एक वही कर. विचार आला की वेळ टाकून तो जसाच्या तसा लिही. समोर फक्त घडलेलं लिही, ज्याला साक्षीदार सापडेल एवढंच. आठवडाभरात तुलाच दिसेल की हे पाहुणे ठरावीक वेळेलाच येतात. माझ्याकडे रात्री अकरानंतर, उपाशीपोटी यायचे.

हो, माझ्याकडेही. आमचे हे गेले त्या वर्षी 'दवाखान्यात एक दिवस आधी नेलं असतं तर' हे एकच वाक्य मी दळत बसले होते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय." झालं, एका दगडावर दुसरा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला असं कुणी म्हणत नाही! शेवटी डॉक्टरांकडे गेले, आठ महिने गोळ्या घेतल्या. प्रार्थना तेव्हाही चालू होती, पण गोळ्यांनी झोप लागली आणि पवित्र शास्त्राचं पान उलटण्याएवढं बळ आलं. तूही एकदा दाखवून ये. लाज वाटत असेल तर मी सोबत येते.

तुझ्या मेसेजमधलं तिसरं वाक्य, 'देवानंही मला टाकलंय', मला सर्वांत जास्त खटकलं. ते देवाचं म्हणणं आहे असं तू धरून चाललायस. पवित्र आत्मा पापाची खात्री पटवतो तेव्हा नेमकं बोट ठेवतो. अमुक माणसाशी खोटं बोललास, जा, माफी माग. त्यात वाट असते. 'तू आहेसच असा' ही भाषा दुसऱ्या कुणाची तरी. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सैतानाला आमच्या बंधूंना दोष देणारा म्हटलंय, रात्रंदिवस दोष देणारा. रात्रपाळी त्याचीच, म्हण हवं तर.

बेचाळिसावं स्तोत्र मोठ्यानं वाच. मनात वाचलं तर मन तेवढ्यातही निसटतं. कोरहाच्या पुत्रांचं, म्हणजे मंदिरातल्या गायकांचं, ते स्तोत्र स्वतःच्याच जिवाला विचारतं, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हा प्रश्न त्रेचाळिसाव्यापर्यंत तीनदा येतो. एकदा विचारून भागलं असतं तर तीनदा कशाला लिहिलं असतं?

सगळं नीट होईलच असं वचन मी देणार नाही. मी इंग्रजी शिकवायचे, तेव्हापासून विल्यम कूपर हा कवी माझ्या मनात घर करून आहे. मंडळ्यांत आजही गातात अशी गीतं त्यानं लिहिली. १७७३ साली त्याला स्वप्न पडलं आणि देवानं आपल्याला टाकलंय हे त्याच्या मनानं घेतलं. १८०० साली वारला तोवर ते काही पुरतं गेलं नाही. पण त्याचा मित्र, चर्चचा पाळक जॉन न्यूटन, त्याच्यापासून कधी तुटला नाही, आणि ज्या अनविन बाईंच्या घरी तो राहायचा त्यांनी वर्षानुवर्षं त्याची उस्तवार केली. त्याचा तो विचार चुकीचा होता असं मी मानते. पण त्याची भाकर कुणीतरी रोज करत होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शनिवारी दुपारच्या एसटीनं नगरला ये. पुस्तकं आणू नकोस. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवते, जेवायचं आणि झोपायचं. उपासनेला उठवणार नाही, जाग आली तर ये. बोलायचं ते संध्याकाळी अंगणात बसून बोलू.

तुझी,
बाई