परदेशी चाललात म्हणून हक्कसोड? आधी कागदांचा क्रम लावा

प्रश्न : मी, पत्नी आणि दोन मुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्यूझीलंडला, ऑकलंडला, कायमचे राहायला जात आहोत. माझी नोकरी पक्की झाली आहे. तासगाव तालुक्यात आमची सव्वादोन एकर जमीन आहे, पैकी एक एकर द्राक्षबाग. जमीन आजोबांपासूनची. वडील २०१९ मध्ये वारले. सातबाऱ्यावर आई, थोरले बंधू, विवाहित बहीण आणि मी अशी चार नावं आहेत. बंधू म्हणतात, परदेशात गेल्यावर शेतजमीन ठेवता येत नाही, सरकारजमा होते, तेव्हा जाण्याआधी हक्कसोड करून दे. नाहीतर जनरल मुखत्यारपत्र तरी दे. आईची तिच्या वडिलांकडून मिळालेली वेगळी तीस गुंठे जमीन आहे. ती तिला मला द्यायची आहे, पण ‘तू तिकडं स्थिरस्थावर हो, मग बघू’ म्हणते. सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या नावावर फ्लॅट आहे. काय करावं? (एक वाचक, ता. तासगाव)

उत्तर : जमीन सरकारजमा होत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९, म्हणजे फेमा, त्याच्या कलम ६(५) मध्ये हे सरळ लिहिलं आहे. भारतात राहत असताना जी स्थावर मिळकत तुमच्या मालकीची होती, किंवा भारतात राहणाऱ्या माणसाकडून जी वारसानं आली, ती परदेशात गेल्यावरही तुम्हाला ठेवता येते आणि विकताही येते. शेतजमीन त्यातून वगळलेली नाही. पुढे न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतलंत (त्यासाठी रहिवासी म्हणून पाच वर्षं, त्यात एकूण १,३५० दिवस आणि दर वर्षी किमान २४० दिवस तिथं काढावे लागतात), तर भारतीय नागरिकत्व संपेल, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल आणि तुम्ही ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) घ्याल. तेव्हाही ही जमीन तुमचीच.

मग ही समजूत आली कुठून? बंदी आहे ती नव्यानं घेण्यावर. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. ‘घेता येत नाही’चं पारावर ‘ठेवता येत नाही’ होतं, आणि भाऊबंदकीत ते कुणाच्या तरी सोयीचं पडतं. बंधू मुद्दाम फसवताहेत असं मी म्हणत नाही. हा गैरसमज बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांचाही आहे.

तुमच्या सगळ्या कागदांचा क्रम यावरूनच ठरतो. तुमच्याकडून जाणारं काहीही, हक्कसोड असो वा खरेदीखत, तुम्ही दहा वर्षांनी ऑकलंडहूनही करून देऊ शकता. तुमच्याकडे येणारी शेतजमीन मात्र, वारसा सोडला तर, विमानात बसण्याआधीच यायला हवी. वर्षात भारतात किती दिवस काढले, हा १८२ दिवसांचा हिशेब इथे लावू नका. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस फेमाच्या दृष्टीनं निघाल्या दिवसापासून अनिवासी होतो. थोडक्यात, बंधूंना ज्याची घाई आहे त्याला घाई नाही, आणि आई ज्याला सावकाश म्हणते ते सावकाश चालणार नाही.

आईच्या तीस गुंठ्यांपासूनच सुरुवात करा. तुम्ही गेल्यावर आईनं बक्षीसपत्र केलं तर ते फेमाच्या विरुद्ध होईल. दस्त नोंदला गेला म्हणून तो निर्धोक ठरत नाही. विकायच्या वेळी खरेदीदाराचा वकील तारखा ताडून बघतो आणि तिथंच व्यवहार अडतो. दुसरा मार्ग मृत्युपत्राचा. वारसानं किंवा मृत्युपत्रानं शेतजमीन अनिवासी मुलाकडे येऊ शकते. आईनं काहीच केलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ही जमीन तुम्हा तिघा भावंडांत सारखी वाटली जाईल, म्हणजे प्रत्येकी दहा गुंठे. माहेरची जमीन माहेरी परत जाते हा नियम बाईला मूलबाळ नसेल तरच लागतो.

घरात आधीच ताण असेल तर मी बक्षीसपत्राकडे झुकेन. सांगली जिल्ह्यात मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते न्यायालयाकडून सिद्ध करून घेणं, सक्तीचं नाही, पण फेरफाराच्या वेळी भाऊ-बहिणीला नोटीस जातेच, आणि एका तक्रार अर्जानं प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढं आणि तिथून अपिलात जातं. तुम्ही तेव्हा दहा-बारा हजार किलोमीटर लांब असाल. बक्षीसपत्रात मात्र एक गोष्ट विसरू नका. आई हयात असेपर्यंत त्या जमिनीचं उत्पन्न घेण्याचा हक्क तिच्याकडे राखून ठेवा. असं केल्यानं बक्षीस अवैध होत नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं आहे. मुलगा परदेशी, जमीन मुलाच्या नावावर आणि हातात काही नाही अशी अवस्था आईची होऊ नये. दस्तावर आईची सही, दोन साक्षीदार आणि ‘सदर बक्षीस मी स्वीकारले आहे’ अशी तुमची सही लागते. आईकडून मुलाला शेतजमीन देताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. स्थानिक अधिभार किती लागतो ते दस्त टंकण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. नोंदणी निघण्याआधी झाली पाहिजे. फेरफार नंतर मंजूर झाला तरी चालतो, कारण मालकी दस्तानं बदलते, सातबाऱ्यानं नाही.

आता हक्कसोड. तुमचा हिस्सा किती, ते आधी बघा. जमीन वडिलोपार्जित धरली तर वडील, आई आणि तीन मुलं असे पाच हिस्से पडतात, मग वडिलांचा पाचवा हिस्सा चौघांत वाटला जातो. पाचवा अधिक विसावा म्हणजे चौथा. जमीन वडिलांची स्वतःची धरली तरी चौथाच येतो. सव्वादोन एकर म्हणजे नव्वद गुंठे, तुमचे साडेबावीस. बहिणीचेही तेवढेच, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलीच्या जन्मसिद्ध हक्काबद्दल वाद उरलेला नाही. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागं घेता येत नाही. फसवणुकीच्या कारणावरून दिवाणी दावा लावता येतो, पण असा दावा ऑकलंडहून चालवून पाहायची वेळ आणू नका. बंधूंनी बाग उभी केली, कर्ज फेडलं, आईला सांभाळतात, म्हणून द्यायचं असेल तर आनंदानं द्या. भीतीपोटी नको. आणि बहीण तिचा हिस्सा तुम्हाला सोडायला तयार असेल तर ते तुमच्याकडे येणारं आहे, म्हणजे तेही डिसेंबरच्या आधी.

हिस्सा ठेवायचा असेल तर जाण्याआधी वाटप करून घ्या. चौघांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. साडेबावीस गुंठे जिरायतीच्या वीस आणि बागायतीच्या दहा गुंठ्यांच्या प्रमाणभूत क्षेत्राच्या वर आहेत, त्यामुळे तुकडेबंदी आड येत नाही. बाग कुणाच्या वाट्याला आणि मोकळं रान कुणाच्या, विहिरीचं पाणी कसं, बागेपर्यंतची वाट कुठून, हे नकाशावर आणि मजकुरात लिहून घ्या. ‘वहिवाटीप्रमाणे’ हा शब्द दिसला की थांबा. पुढची भांडणं त्याच शब्दातून उगवतात. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात द्रुतगतीच्या फीनं आजच भरा. कुटुंब वाटपाला वेळेत तयार झालं नाही तरी हक्क बुडत नाही. एका सहहिस्सेदाराचा कब्जा कायद्यानं सगळ्यांचाच कब्जा असतो, आणि बंधूंनी तुमचा हक्क उघडपणे नाकारून बारा वर्षं काढल्याशिवाय प्रतिकूल कब्जाचा मुद्दा उभा राहत नाही.

वाटपाचं दुसरं कारण सोसायटी. द्राक्षबागेवर पीककर्ज असणारच. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीचा बोजा किती रकमेचा आणि कुणाच्या नावे आहे ते बघा. वडिलांचं कर्ज वारसांच्या सह्यांनी नवंजुनं होत आलं असेल तर तुम्हीही कर्जदार आहात. थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि वसुली जमिनीवर येते, तुमच्या साडेबावीस गुंठ्यांसकट. वाटप झाल्यावर बंधूंनी स्वतःच्या हिश्शावर कर्ज घ्यावं आणि तुमच्या गटावरचा बोजा कमी करून तसा फेरफार घ्यावा.

मुखत्यारपत्र द्यावं लागेल, पण जनरल नको. बाजारात तयार मिळणाऱ्या मसुद्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सदर मिळकतीबाबत मी स्वतः जे जे करू शकलो असतो ते सर्व करण्याचा अधिकार’. हे वाक्य खोडा. ‘मोबदला पोचला’ आणि ‘हे मुखत्यारपत्र रद्द करता येणार नाही’ ही वाक्यंही खोडा. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध मिळकतीत निर्माण झाला की भारतीय करार कायद्याच्या कलम २०२ मुळे ते रद्द करणं अवघड होतं. त्याऐवजी गट नंबर घालून कामं मोजून लिहा. ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), मंडळ अधिकारी, तहसीलदार आणि भूमी अभिलेख यांच्यापुढं हजर राहणं, नोटिसा घेणं, शेतसारा आणि पाणीपट्टी भरणं, पीकविमा भरणं, माल विकणं. आणि खाली स्पष्ट ओळ : विक्री, साठेखत, गहाण, बक्षीस, हक्कसोड यांचा अधिकार दिलेला नाही. मुखत्यार बंधूच असावेत असंही नाही. ज्याच्याशी हितसंबंधाचा प्रश्न आहे त्याच्याच हाती दोन्ही बाजूंच्या सह्या देऊ नयेत. बहीण किंवा पत्नीकडचं जबाबदार माणूस चालेल.

फ्लॅट विकण्यासाठी मुखत्यारपत्र लागणार असेल तर ते वेगळं करा आणि इथे असतानाच दुय्यम निबंधकांपुढं करा. दस्त नोंदणीसाठी वापरायच्या मुखत्यारपत्राला नुसती नोटरी पुरत नाही. परदेशातून करायची वेळ आली तर ऑकलंडमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करा, किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) घ्या. तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावा लागतो. कुरियरचं पाकीट जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. देणारा वारला की मुखत्यारपत्र तिथंच संपतं.

तुमच्या हिश्शाचं रान बंधूंनी न करता बाहेरच्या माणसाला तोंडी खंडानं किंवा वाट्यानं लावलं तर कूळकायद्याचा धोका आहे. मालकाच्या कुटुंबाबाहेरचा आणि मजुरीवर नसलेला माणूस कायदेशीररीत्या जमीन कसत असेल तर कलम ४ प्रमाणे तो कूळ मानला जाऊ शकतो. दर हंगामाला ई-पीक पाहणीत कसणाऱ्याचं नाव कुणाचं लागलं ते बघत जा. सातबारा ऑकलंडहूनही मोबाईलवर दिसतो आणि पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. वर्षातून दोनदा काढून ठेवा.

फ्लॅटचं गणित आयकराचं आहे, आणि आयकरात ‘अनिवासी’चा अर्थ फेमाहून निराळा. १ एप्रिल ते डिसेंबर तुम्ही भारतात असाल तर १८२ दिवस केव्हाच झाले. या आर्थिक वर्षापुरते तुम्ही आयकराला निवासीच. फ्लॅट विकायचाच असेल तर खरेदीखत ३१ मार्चच्या आत करा. निवासी व्यक्तीला २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांक धरून २० टक्के किंवा न धरता १२.५ टक्के, यातला कमी कर निवडता येतो. अनिवासीला ही निवड नाही. शिवाय निवासी विक्रेत्याचा टीडीएस पन्नास लाखांच्या व्यवहारापासून एक टक्का. अनिवासीकडून घेताना खरेदीदाराला १२.५ टक्के आणि वर अधिभार, उपकर असा कापावा लागतो. म्हणून सांगलीतले खरेदीदार अनिवासी विक्रेत्याला बिचकतात. भाड्यानं देणार असाल तर भाडेकरूला दर महिन्याला ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागेल, हे त्याला करारातच सांगा.

शेतजमीन पुढे विकलीत तर ती तासगाव नगरपरिषदेच्या हद्दीपासून हवाई अंतरानं दोन किलोमीटरच्या बाहेर आहे का ते तपासा (सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेसाठी हेच अंतर सहा किलोमीटर). बाहेर असेल तर ती ग्रामीण शेतजमीन, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांतल्या खात्यात) येतील, आणि तिथून सीएच्या प्रमाणपत्रावर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. तुमचं बचत खातं निघताना एनआरओ करून घ्या. सहकारी बँकेत ती सोय नसेल तर असलेल्या बँकेत खातं आत्ताच उघडा. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, मुदतवाढ मिळत नाही.

राहिलं नाव. पासपोर्टवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. वारसनोंदीच्या वेळी घरातल्या हाकेचं नाव, ‘बाळासाहेब’ किंवा नुसतं ‘बाळू’, सांगितलं गेलेलं असतं, आणि दूतावास तर पासपोर्टावरच्या नावापलीकडं काही जाणत नाही. फरक असेल तर वारसनोंदीचा फेरफार, शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून तहसीलदारांकडे कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज याच आठवड्यात द्या. ऑकलंडला गेल्यावर ही दुरुस्ती करायला बसलात तर त्यासाठी मुखत्यारपत्र लागेल, आणि तिथल्या दूतावासात ते सातबाऱ्यावर नसलेल्या नावानंच निघेल.