वाचकांचे प्रश्न : गावरान बी आणि कॅनडाचं हायब्रीड

प्रश्न : माझा आतेभाऊ कॅनडात परवाना असलेल्या गांजाच्या शेतीत कामाला आहे. तो म्हणतो, तिथल्या बऱ्याच हायब्रीडांत भारत-अफगाणिस्तानातल्या गावरान वाणांचं रक्त आहे. पण त्यांचं बी धरून पुन्हा लावलं, तर प्रत्येक झाड वेगळं निघतं. असं का? आणि मूळ वाण आपले, तर संकर आपणच का करू नयेत?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं एक झाड लावणंही गुन्हा आहे आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. 'मक्यात चार झाडं, प्रयोग म्हणून' हे कोणी ऐकून घेणार नाही.

बाकी आतेभाऊ बोलतो ते खरं. या पिकात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि पराग वाऱ्यावर जातो. कांद्याचे डोंगळे धरणाऱ्याला शेजारच्या शिवारातल्या दुसऱ्या वाणाची धास्ती का असते, ते निफाडकरांना मी काय सांगावं! तिथे निदान मधमाशी लागते. इथे नुसता वारा पुरतो.

केरळात इडुक्कीकडचा वाण उंच, बारीक पानांचा आणि उशिरा फुलणारा. अफगाणिस्तानाकडच्या हिंदुकुश डोंगरातला बुटका, रुंद पानांचा, थंडी पडायच्या आत उरकणारा. अशी लांबलांबची झाडं जुळवायचं काम १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात जोरात झालं. 'स्कंक नंबर वन' हे त्यातलं गाजलेलं वाण. त्यात अफगाणी, मेक्सिकन आणि कोलंबियन असं तिन्हीकडचं रक्त आहे.

पहिल्या पिढीत आईबापांचे गुण एकत्र येतात, पण त्याच झाडांचं आपसात बी धरलं की ते पुन्हा सुटे होतात. एक पालक टीएचसीचा (नशा आणणारं द्रव्य) आणि दुसरा सीबीडीचा (नशा न आणणारं द्रव्य) घेतला, तर पहिल्या पिढीत दोन्ही द्रव्यं असलेली झाडं मिळतात. दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक झाड आजोबांवर, एक आजीवर आणि दोन मधली. हा झाला मुख्यतः एका जागेवरच्या जनुकाचा हिशेब. उंची, वास, फुलोऱ्याचा काळ यांत अनेक जनुकांचा हात असतो, तिथे वाटण्या कुठल्या कुठे जातात. म्हणून आवडलेली मादी तिकडे छाट कलमानं वाढवतात.

मला काळजी गावरानची वाटते. मोरोक्कोच्या रिफ डोंगरात 'बेलदिया' हा जुना वाण पावसाच्या पाण्यावर यायचा. उत्पन्नाच्या ओढीनं बाहेरची हायब्रीडं आली, ती पाणी जास्त पितात, आणि विहिरी-झऱ्यांवर ताण आला. हिमाचलातल्या मलाण्यात किंवा इडुक्कीत बाहेरचा पराग शिरला, तर तो परत काढता येणार नाही. तिथले वाण आधी बियाणे पेढीत जपायला हवेत, संकराचं नंतर बघू. तेही सरकारी संशोधन केंद्रानं, परवान्यानिशी.

प्रश्न : दुकानात हेम्प बियांचं तेल दिसलं. घ्यावं का? चढत तर नाही ना?
– एक गृहिणी, गंगापूर रोड

उत्तर : नाही चढत, ताई. हेम्प ही गांजाचीच जात, पण बियांत टीएचसी तयारच होत नाही; सालीला चिकटलेलं असलं तर नावापुरतं. २०२१मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, या बिया आणि त्यांचं तेल खाद्य म्हणून मान्य केलं. पाकिटावर परवाना क्रमांक बघून घ्या. चटणीवर कच्चं घाला, फोडणीला वापरू नका, लवकर जळतं.