पारावरची चार माणसं आणि पेन्सिलीतला आकडा

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं छापचित्र परवा पोचलं. दोन चिमटे लावून भिंतीवर टांगलंय आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर बसतोय. कडुनिंबाखालचा पार, चार म्हातारे, एकाच्या तळहातावर तंबाखू. मळताना अंगठ्याच्या बुडाशी मांस जरा फुगतं, ते तू लिनोत, म्हणजे मऊ लिनोलियमच्या ठशात, नेमकं कोरलंस. अंबड-परतूरकडचा कुणीही तो हात ओळखेल.

खाली ‘रेम्ब्रांटवरून’ असं लिहिलंयस, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकारानं हिंदुस्थान कधी पाहिला नाही, पण मोगल चित्रं ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या हाती लागली. त्यांवरून त्यानं केलेली वीसहून जास्त रेखाटनं आजही शिल्लक आहेत. त्यातल्या एकात झाडाखाली चार मौलवी बसलेत. 1656 साली, म्हणजे दिवाळं निघालं त्याच वर्षी, त्यानं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून काढलेलं छापचित्र, केलं: बायबलमधल्या अब्राहामाच्या दारी आलेले देवदूत. त्यात पाहुणे टेबलाशी नाहीत, खाली जमिनीवर बसलेत आणि मध्ये ताट आहे. मौलवींच्या चित्रातून त्यानं ती बैठक उचलली. चेहरे, गोष्ट, उजेड सगळं स्वतःचं.

आता तुझ्या डावीकडच्या म्हाताऱ्याकडे बघ. ती दाढी, कपाळावरचा तो उजेड थेट रेम्ब्रांटचा आहे. बाकीचे तिघं आपल्या गावचे आणि हा एकटा परका बसलाय. तो चेहरा पुन्हा कोर. तुझ्या आजोबांना समोर बसव, दुपारी दोनच्या उन्हात, निंबाच्या सावलीत. आपल्याकडचा उजेड वरून कमी आणि तापलेल्या मातीवरून जास्त येतो. हनुवटीखाली उजळतं, डोळे खोल जातात. हे त्याला ॲमस्टरडॅमात मिळालं नसतं. तुला दारात मिळतंय.

आता तुझा प्रश्न, किती प्रती काढायच्या. फ्रेमवाला तीनशे म्हणतो. त्याचा धंदा फ्रेमांचा आहे, त्याचं ऐकू नकोस. ड्रायपॉइंटच्या प्लेटवर, म्हणजे सुईनं थेट ओरखडलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, रेषेच्या कडेला तांब्याची जी कोर उभी राहते, ती थोड्याच छापांत दबते, त्यामुळे तिथं मर्यादा धातूच घालतो. लिनो मात्र शेकडो प्रती सहज देतो, म्हणून तिथं मर्यादा आपण घालायची आणि पाळायची. पिकासोनं 1958 साली सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराच्या, धाकट्या क्रानाखच्या, एका चित्रावरून रंगीत लिनोकट केला, त्याला वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळे ठसे लागले. पुढं तो एकच ठसा कोरत-कोरत सगळे रंग छापू लागला. ही पद्धत तू कर. आधी फिका मातकट रंग सगळ्या कागदांवर, मग ठसा पुढं कोरायचा आणि वर काळा. एकदा कोरलं की मागं फिरता येत नाही. तीस प्रती हव्या असतील तर चाळीस कागद घे. रंगावर रंग नीट न बसल्यानं सहा-सात वाया जातातच. छाप पहाटे काढ, उन्हाळ्यात दुपारी शाई सैल पडते आणि बारीक रेषा बुजतात.

आकडा पेन्सिलीनं, डावीकडे: 1/30, 2/30, म्हणजे तीसमधली पहिली, दुसरी. मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. स्वतःसाठी तीन प्रती ठेव, त्यांवर ‘कलाकार प्रत’ लिही. शेवटची प्रत निघाली की ठशावर आडवी रेघ मार.

हे मी इतकं ठासून का सांगतोय? माझ्या तिशीत एका चित्राची पंचवीस प्रतींची आवृत्ती संपली होती. एका विक्रेत्यानं गळ घातली, रोमन आकडे टाकून आणखी दहा काढा, कुणाला कळणार नाही. पैशाची नड होती, काढल्या. परभणीच्या एका शिक्षकांनी माझी चौथी प्रत दोन हप्त्यांत पैसे देऊन घेतली होती. वर्षभरानं त्यांनी कुणाच्या तरी दिवाणखान्यात तेच चित्र पाहिलं. मला भेटायला आले, चहा घेतला आणि एवढंच विचारलं, ‘सर, पंचवीसच होत्या ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते गेले, आणि मी त्याच रात्री ठसा फोडला.

स्कॅन करून इंकजेटवर प्रती काढायला माझी हरकत नाही. गरीब घरात चित्र जावं, चांगलंच आहे. पण त्यावर ‘डिजिटल प्रतिकृती’ असं स्पष्ट लिही आणि तीसमधला आकडा टाकू नकोस.

कागदाची काळजी करू नकोस. पुढच्या आठवड्यात मला दौलताबादजवळ कागजीपुऱ्याला जायचंच आहे. तिथला हातकागद आणतो, पन्नास ताव. चमच्यानं घासून छापणार असशील तर पातळ बघून आणीन. तू तोवर आजोबांचा चेहरा कोर आणि काळ्या शाईतली पहिली चाचणी प्रत मला पाठव. तंबाखूच्या हाताला मात्र कटर लावू नकोस.

तुझे,
सर