टॅरंटुलाच्या पिल्लाचे घर आणि नागपूरचा उन्हाळा

प्रश्न : माझ्या महाविद्यालयीन मुलाने एका विक्रेत्याकडून मेक्सिकन रेड नी जातीच्या टॅरंटुलाचे, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचे, पिल्लू आणले आहे. पाय धरून ते जेमतेम दीड सेंटीमीटर भरते. घरात माशांची दोन फुटी काचेची टाकी रिकामी होती, तिच्यात धुतलेली वाळू पसरून, पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवून आणि वर लाल दिवा लावून त्याने पिल्लाची सोय केली आहे. टाकी पश्चिमेच्या खिडकीखाली आहे. पिल्लू आठवडाभर एका कोपऱ्यात बसून आहे आणि खात नाही. उन्हाळा तोंडावर आला असताना त्याच्यासाठी योग्य घर कसे तयार करावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या मुलाने मनापासून मांडणी केली आहे, हे पत्रावरून स्पष्ट दिसते, परंतु टाकी, वाळू, स्पंज आणि दिवा या चारही गोष्टी पिल्लाला अपायकारक आहेत, म्हणून त्या आजच बाजूला काढाव्यात. एवढे लहान पिल्लू दोन फुटांच्या टाकीत सोडले की ते कोठे आहे, त्याने खाल्ले की नाही, त्याच्याजवळची जमीन ओली आहे की कोरडी, यांपैकी काहीच कळत नाही. शिवाय ही जात भक्ष्याच्या मागे धावणारी नाही. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील कोरड्या झुडपी प्रदेशात ती बिळाच्या तोंडाशी बसते आणि जवळून जाणारा किडा पकडते. मोठ्या टाकीत तो किडा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

या वयाच्या पिल्लाला दोनशे ते अडीचशे मिलीलिटरची, घट्ट झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची डबी पुरते. डबीची रुंदी पिल्लाच्या पसरलेल्या पायांच्या साधारण चौपट असावी. भरावासाठी वाळू नको, कारण तिच्यात बीळ टिकत नाही. आपल्या रोपवाटिकांमध्ये मिळणारे कोकोपीट उत्तम. मात्र ते निव्वळ नारळाच्या काथ्याचे आहे याची खात्री करून घ्यावी. कुंड्यांसाठी तयार करून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात बहुधा खत आणि निंबोळी पेंड घातलेली असते, आणि निंबोळी कीटकांना मारक असल्यामुळे ती कोळ्याजवळ असता कामा नये. कोकोपीटची वीट भिजवून, दोन-तीन पाण्यांतून काढून, मुठीत घट्ट पिळावी. मूठ दाबल्यावर पाण्याचा थेंब गळू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा मोडू नये, एवढाच ओलावा ठेवावा. ते डबीत अर्ध्याहून थोडे वरपर्यंत दाबून भरावे आणि वर तीनेक सेंटीमीटर मोकळी जागा सोडावी. याहून उंच जागा ठेवू नये, कारण टॅरंटुलाचे पोट नाजूक असते आणि उंचावरून पडल्यास ते फुटू शकते. एका कडेला पेन्सिलीने तिरपे भोक पाडून त्यावर करवंटीचा लहान तुकडा टेकवावा. पुढचे खोदकाम पिल्लू स्वतःच करते. तापवलेल्या सुईने डबीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना भोके पाडावीत, म्हणजे हवा आरपार खेळेल. ही भोके पिल्लाच्या डोक्याकडच्या टणक भागापेक्षा लहानच हवीत, कारण तो भाग जेथून निघतो तेथून सगळे पिल्लू निघून जाते.

पाण्याच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज आढळतात. ही जात कोरड्या मुलखातली, म्हणून पिल्लूही कोरडे ठेवावे, असे अनेक जण समजतात. मोठ्या टॅरंटुलाच्या कातडीवरील मेणचट थर शरीरातले पाणी धरून ठेवतो. पिल्लाच्या अंगावर तो पातळ असतो, त्यामुळे ते फार लवकर सुकते. कोळी आपले पाय लांब करतो ते मुख्यत्वे शरीरातील द्रवाच्या दाबाने. पाणी घटले की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुडपले जातात. पिल्लू सरळ बसलेले असून त्याचे पाय असे आत वळलेले दिसले, तर ते तहानलेले आहे असे समजून लगेच त्याच्याजवळ पाण्याचे दोन थेंब सोडावेत. एरवी डबीच्या एकाच कडेला ड्रॉपरने पाणी सोडून तो कोपरा ओलसर आणि उरलेला भाग कोरडा ठेवावा, म्हणजे पिल्लाला हवी ती जागा निवडता येते. स्पंजाने पाणी स्वच्छ राहत नाही, उलट त्यात जंतू आणि बारीक किडे वाढतात.

आता नागपूरच्या हवेकडे वळतो, कारण येथे डबीपेक्षा डबी कोठे ठेवली आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. या पिल्लाला चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे तापमान मानवते, तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतप्यात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेली काचेची टाकी भट्टीसारखी तापते. वर दिवा लावल्यास भर पडते, आणि आपल्याकडे तर हिवाळ्यातही त्याची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत डबी आतल्या खोलीतील कपाटात ठेवली की पुरे होते. उन्हाळ्यात घरातील सर्वांत आतली, खालच्या मजल्यावरची खोली निवडून तिथे जमिनीलगतच्या फळीवर डबी ठेवावी. कूलरमुळे खोलीतील हवा थंड व दमट होते, हे पिल्लाच्या सोयीचेच आहे, पण त्याचा झोत थेट डबीवर येऊ देऊ नये. आणि कूलर बंद पडताच हवा पुन्हा कोरडी होते, म्हणून उन्हाळ्यात ओलसर कोपरा रोज पाहावा. वीज जाण्याची शक्यता असेल तेव्हा डबी थर्माकोलच्या पेटीत ठेवावी, शेजारी कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली उभी करावी, पेटीचे झाकण किलकिले ठेवावे आणि आत एक लहान तापमापक असू द्यावा. अंदाजावर विसंबू नये.

आणखी एक धोका दिसत नाही, पण पिल्लू जाते ते पुष्कळदा त्यामुळेच. डासांसाठी लावलेली अगरबत्ती, विजेवर चालणारी द्रव औषधाची बाटली, मुंग्यांसाठी ओढलेली खडूची रेघ आणि पावसाळ्यात गल्लीत होणारी धूरफवारणी यांतील कीटकनाशक कोळ्यालाही मारते. ज्या खोलीत ही साधने वापरली जातात, तेथे डबी ठेवू नये आणि धूरफवारणीच्या वेळी खिडक्या लावून घ्याव्यात. मुंग्यांपासून रक्षणासाठी परातीत पाणी घालून मध्ये उपड्या वाटीवर डबी ठेवणे, हा आपल्या स्वयंपाकघरातला उपाय पुरेसा आहे.

अन्न म्हणून आठवड्यातून एक-दोनदा, पिल्लाच्या पोटाहून मोठा नसलेला, पाळीव पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातून आणलेल्या रातकिड्याचा किंवा मीलवर्म नावाच्या अळीचा तुकडा बिळाच्या तोंडाशी ठेवावा. जिवंत मीलवर्म भरावात शिरून पुढे पिल्लालाच कुरतडू शकतो, म्हणून तो आधी मारून द्यावा. घरातली झुरळे देऊ नयेत, त्यांच्या अंगावर औषध असू शकते. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढावा, नाहीतर बुरशी धरते. नवीन डबीत आल्यावर काही दिवस पिल्लू खाणार नाही. तेवढा धीर मुलाने धरावा. पायांचा पसारा डबीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक झाला की एक माप मोठी डबी घ्यावी.

कागदपत्रांविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगणे आवश्यक आहे. रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा वंशातील आहे, तो वंश वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि ती केंद्र शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर होते. विक्रेत्याकडून पावती व पिल्लाच्या उगमाचा कागद मागून घ्यावा. तो देत नसेल, तर पिल्लू कोठून आले हा प्रश्न उरतो, आणि अशा वेळी सिव्हिल लाइन्समधील वनभवनात जाऊन विचारणे हाच सरळ मार्ग आहे.

प्रश्न : माझ्याकडील पिल्लू दहा-बारा दिवस खात नव्हते, पोट काळपट चकचकीत दिसत होते, आणि आज सकाळी ते जाळ्याच्या पातळ चादरीवर उताणे पडलेले दिसले. ते मेले आहे का? त्याला सरळ करू का?
— एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर : हात लावू नका. उताणे पडलेला टॅरंटुला बहुधा कात टाकत असतो; मरणारा कोळी बहुतेक वेळा सरळच असतो आणि त्याचे पाय खाली मुडपलेले असतात. अन्न सोडणे, पोट काळे पडून ताणलेले दिसणे आणि जाळ्याची चादर विणणे ही कात टाकण्याचीच लक्षणे आहेत. या काळात डबी हलवू नये, वरून पाणी फवारू नये आणि आत जिवंत किडा राहू देऊ नये. कात सुटायला काही तास लागतात. नंतर पिल्लू फिकट आणि मऊ असते, त्याचे सुळेही सुरुवातीला पांढरट असून हळूहळू लालसर व शेवटी काळे होतात. ते काळे झाल्याशिवाय अन्न देऊ नये. पिल्लाच्या बाबतीत आठवडाभर थांबणे सुरक्षित. त्या आठवड्यात ओलसर कोपरा मात्र कोरडा पडू देऊ नये.